चिखलदऱ्याचा जुना बंगला अन् सासूबाईंची शेगडी

प्रश्न: ताई, डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही सहा जण चिखलदऱ्याला चाललो. ह्यांनी चांगलं हॉटेल सोडून इंग्रजांच्या काळातला एक कवेलूचा बंगला दोन रात्रींसाठी बुक केला, फोटोत लय भारी दिसते, पण सासूबाई म्हणतात भूतबंगल्यात काहून पैसे घालता. त्यांचे गुडघे दुखतात, थंडी सोसत नाही, म्हणून घरची कोळशाची शेगडी सोबत घ्यायची म्हणतात. तिथे फायरप्लेस आहे म्हणे, ती पेटवता येते का? जावं की कॅन्सल करावं?
– एक वाचक, दर्यापूर

उत्तर: कॅन्सल नका करू बाप्पा. पण शेगडी घरीच राहू द्या.

कोळसा लाल झाला की धूर दिसत नाही, आपल्याला वाटतं आता काही भ्या नाही, अन् तेव्हाच त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो, त्याला ना वास ना रंग. थंडीत आपण दारं-खिडक्या गच्च लावून झोपतो, मग माणसाला जाग यायचीही सोय राहत नाही. सासूबाईंना हे मात्र सरळ सांगा, त्या ऐकतील. फायरप्लेसचं म्हणाल तर चिमणी चालू असेल तरच, कारण गरम हवा वर ओढली जाते म्हणून धूर बाहेर जातो, अन् बरेच ठिकाणी वरून पत्रा ठोकलेला असतो नाहीतर मोहोळ बसलेलं असतं. चौकीदाराला विचारा, मागच्या हिवाळ्यात पेटवली होती का? हो म्हणाला तरी आधी एक पेपर जाळून पाहा, धूर खोलीत आला की विषय संपला, रजाया जास्तीच्या मागा अन् गरम पाण्याची पिशवी न्या. पेटवलीच तर झोपायच्या आधी पूर्ण विझवा.

बंगले असे का बांधले ते कळलं की राहायला मजा येते. 1823 साली हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने ही जागा हेरली असं सांगतात, खाली एलिचपूरला म्हणजे आपल्या अचलपूरला छावणी, अन् वऱ्हाडातला मे महिना त्या गोऱ्यांना कसा सोसणार, आपल्यालाच सोसत नाही! मग 1118 मीटरवर जाऊन बसायचं. म्हणून त्या काळच्या बंगल्यांच्या भिंती जाड, छत उंच, व्हरांडा खोल, सगळा बंदोबस्त उन्हाचा. डिसेंबरात तीच खोली गारठते, त्यामुळे दिवसा आतमध्ये बसूच नका, खुर्च्या व्हरांड्यात ओढा. स्वयंपाकघर आगीच्या भीतीने वेगळं असायचं, म्हणजे रात्री चहा हवा तर अंगण ओलांडून जावं लागेल, थर्मास ठेवा. अन् जुन्या बाथरूमला मागून एक दार असतं, पाणी भरणाऱ्याने घरातून येऊ नये म्हणून, तेवढी त्याची कडी लागते का ते गेल्या गेल्या पाहून घ्या.

गुडघ्यांसाठी फोनवरच दोन गोष्टी विचारा: जोत्याला पायऱ्या किती, अन् कमोड आहे का. बाकी फोटोत काय दिसते ते सोडा.

भुताचं म्हणाल तर कवेलूवर माकडं उड्या मारतात, रात्री थंडीने लाकूड आखडून कडकड वाजतं, पहिल्यांदा मीही उठून बसले होते. खरी काळजी बुटांची, सकाळी झटकून घाला.

पेट्रोल अन् कॅश परतवाड्यालाच घ्या, वर मोबाईलच्या रेंजवर भरवसा ठेवू नका. अन् तिथल्या गवळ्यांच्या दुधाची रबडी सासूबाईंना पहिल्याच संध्याकाळी खाऊ घाला, बंगल्याचा विषय त्यानंतरच काढा.