२०११ च्या इमारतीला अग्निशमनची नोटीस: नवे नियम लागू होतात का?

सेक्रेटरी साहेब, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे कायदे एकमेकांत अडकलेत. नाशिकच्या गंगापूर रोडला पार्किंग अधिक सात मजले, पूर्णत्वाचा दाखला २०११ चा, आता अग्निशमन विभागाची नोटीस, आणि तुमचा सवाल असा की प्लॅन जुन्या नियमांत पास झाले असताना २०२० चे नियम आमच्या माथी का?

बांधकाम नियमांपुरतं तुमचं बरोबर आहे. नाशिकची स्वतःची २०१७ ची नियमावली होती. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि मोजके भाग सोडून राज्यभर एकच नियमावली आली, तीच यूडीसीपीआर. रीतसर परवानगीनं उभी असलेली इमारत पाडून जिना रुंद करा, असं ती सांगत नाही. वाढीव बांधकाम केलं किंवा वापर बदलला, की मात्र ती लागू होते.

पण नोटिशीचा पहिला परिच्छेद वाचा. तिथं बहुतेक महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ असं लिहिलेलं असेल. हा कायदा डिसेंबर २००८ पासून लागू आहे, म्हणजे तुमच्या दाखल्याच्याही आधीपासून. त्याच्या कलम ३ नुसार बसवलेली यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालक आणि भोगवटादाराची, म्हणजे आता सोसायटीची. दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून ‘फॉर्म बी’, म्हणजे ती चालू असल्याचा दाखला, अग्निशमन विभागाला द्यावा लागतो. गाडी कितीही जुनी असली तरी पीयूसी चुकत नाही, तसंच. बिल्डरला मिळालेल्या अंतिम एनओसीची झेरॉक्स जोडून भागणार नाही. तुमच्या प्रश्नाखाली एकानं ‘सिंहस्थ आला म्हणून नोटिसा निघाल्या’ असं लिहिलंय. असेलही, पण फॉर्म बी सिंहस्थासाठी आलेला नाही.

या वयाच्या इमारतींत मला काय दिसतं ते सांगतो. डक्टमधल्या लँडिंग व्हॉल्व्हची, म्हणजे मजल्यामजल्यावर आगीचा पाइप (होज) जोडायच्या नळांची, पितळी तोंडं भंगारात गेलेली, होज बॉक्समध्ये झाडू आणि फिनेल. गच्चीवरचा पंप गंजून जाम, आणि पॅनलचा एमसीबी कधीतरी कुणीतरी पाडून ठेवलेला. एप्रिल-मे मध्ये टँकर परवडत नाही म्हणून आगीसाठी राखलेल्या टाकीतलं पाणी घरात वापरलं जातं, हे तर सर्रास. याच्या दुरुस्तीला लोक घाबरतात तेवढा खर्च येत नाही. पाइपलाइनच सडली असेल तर मात्र खिसा रिकामा होतो.

माझ्या मते पंपाच्याही आधी विजेचा डक्ट बघा. मीटर रूमपासून सातव्या मजल्यापर्यंत केबलींसाठी सरळ भोक असतं, आणि खाली शॉर्टसर्किट झालं की धूर त्यातूनच वर चढतो. माणसं आगीपेक्षा धुरानं जास्त दगावतात. प्रत्येक स्लॅबला ते भोक अग्निरोधक सामग्रीनं बंद करून घ्या. मीटर रूममधल्या जुन्या गाद्या आणि रंगाचे डबे आजच बाहेर काढा, त्याला कुठलीच एजन्सी लागत नाही.

एजन्सी निवडताना जपून. जागेवर न येता सही-शिक्का देणारेही भेटतात. राज्य अग्निशमन सेवा संचालनालयाचा परवाना आहे का आणि त्याची मुदत संपली नाही ना, ते बघा. सर्वांत वरच्या मजल्यावर होज लावून पाणी सोडायला सांगा, कमिटीनं समोर उभं राहायचं. पाण्याला जोर नसेल तर त्यांचा कागद घेऊ नका.

आता जे तुम्ही ओघात लिहून गेलात ते: पहिल्या मजल्यावरच्या दोन फ्लॅटमध्ये क्लास चालतो. मला तुमच्या नोटिशीपेक्षा याची काळजी वाटते. सुरतेत २४ मे २०१९ ला क्लास असलेल्या इमारतीला आग लागली. मुलांनी वरून उड्या मारल्या, २२ विद्यार्थी गेले. राहण्याच्या फ्लॅटमध्ये क्लास म्हणजे वापरात बदल, आणि तिथं ‘आमचे प्लॅन जुने’ हे तुमचं उत्तर चालत नाही. मंजूर नकाशात निवासी लिहिलं असेल तर फ्लॅटमालकाला सोसायटीचं लेखी पत्र द्या आणि त्याची पोच ठेवा. बाल्कनीच्या लोखंडी जाळ्यांना उघडणारी खिडकी ठेवायला सगळ्यांनाच सांगा.

फ्लॅटमधल्या कपाटांच्या जादा बांधकामाचा जुना घोळ नोटिशीच्या उत्तरात आणू नका. तो एफएसआयचा, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं याचा विषय, अग्निशमनच्या टेबलावर त्याचं काही काम नाही.

नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या. सोबत एजन्सीचं कोटेशन आणि सर्वसाधारण सभेचा ठराव जोडून कामासाठी वेळ मागा. काम सुरू असल्याचं दिसलं की सहसा ऐकून घेतात. गप्प बसलात तर कलम ८ खाली वीज-पाणी तोडण्यापर्यंत जाता येतं. खर्च सोसायटीच्या सिंकिंग फंडातून (राखीव निधीतून) करायचा असेल तर ठरावात तसं स्पष्ट लिहा, नाहीतर ऑडिटर अडवेल. आणि जुलैचा फॉर्म बी त्याच एजन्सीला आत्ताच सांगून ठेवा, ऐन वेळी सगळ्या शहराची धावपळ असते.