अर्ध्यावर आलेली शाल उसवू नकोस

अगं, शाल पुढे सरकतच नाही म्हणून वैतागलीस ना? मानेपासून विणत येणाऱ्या त्रिकोणी शालीत बहुधा दर सुलट (दर्शनी बाजूच्या) ओळीला चार टाके वाढतात. म्हणून उंची अर्धी झाली तरी काम जेमतेम पाव झालेलं असतं! तुझा हात मंदावलेला नाही, ओळीच लांबल्यात. दर नक्षी संपली की सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून बोथट दाभणाने वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून ठेव; चुकलंच तर तिथवरच उसवायचं. साध्या उलट ओळी टीव्हीसमोर खुशाल विण, जाळीच्या नको. चुरगळलेली दिसते म्हणून हिरमुसू नकोस, सुईवर जाळी तशीच दिसते. भिजवून, गादीवर ताणून, न गंजणाऱ्या टाचण्या लावून वाळवली की नक्षी उघडते. तेवढं मात्र कोल्हापूरच्या आषाढात नको, लोकर लवकर वाळायची नाही आणि गादी अडकून पडेल.