पाहुण्यांना किल्ली देत नाहीत

*मावशी, आम्ही सात वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टला आहोत. मी आणि नवरा दोघंही नोकरी करतो, मुलगा आठ वर्षांचा आहे. मेच्या सुरुवातीला माझे आईबाबा फलटणहून पहिल्यांदाच आले. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. व्हिसासाठी हमीपत्र मी दिलं, विमा मी काढला. पॅरिस झालं, स्वित्झर्लंड झालं, नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा झाला. व्हिसा नव्वद दिवसांचा, म्हणून परतीचं तिकीट जुलैअखेरचं काढलं. आता चाळिसाव्या दिवशी बाबा म्हणतात, "तिकीट अलीकडे मिळतंय का बघ." कारण विचारलं तर म्हणे, "असंच. घर बंद आहे, पालखीही येईल." मी दोघांना कशालाही हात लावू देत नाही. तरी आई परवा आमची पाळी नसताना बिल्डिंगचा जिना झाडून आली. खालची जर्मन बाई आभार मानायला दारात! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा दिवसभर बाल्कनीत उभे. मुलगा म्हणतो, "आजोबांना काहीच येत नाही." नवरा म्हणतो, जायचंय तर जाऊ दे त्यांना. माझं काय चुकलं?*

तू मला मावशी म्हणालीस, तेव्हा मी अगंतुगंच करते.

तुझ्या पत्रात दोन शब्द आहेत. तू ते लिहून पुढे निघून गेलीस, मी तिथेच अडले. "पालखीही येईल." अगं, फलटणचा माणूस हे म्हणतोय आणि तू ते बंद घराच्या कुलपाशेजारी टांगून ठेवलंस! माऊलींची पालखी नीरास्नान करून सातारा जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम करते, चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, मग तरडगाव आणि मग तुमचं फलटण. त्या दिवशी गावात कोणाच्या घरी किती पानं उठतात हे मी तुला सांगायला नको, तू तिथेच वाढलीस. बाबांनी आजवर किती आषाढ फलटणबाहेर काढलेत, विचार त्यांना. उत्तर बहुधा एका हाताच्या बोटांवर मावेल. जुलैअखेरचं तिकीट काढलंस तेव्हा तू नव्वद दिवस मोजलेस, तिथी नाही पाहिलीस. आणि त्यांनीही तेव्हा तोंड उघडलं नाही, कारण मुलीने इतक्या हौसेने काढलेल्या तिकिटाला खोट कशी काढायची?

म्हणून आधी सरळ विचार: "बाबा, पालखीला घरी असायचंय का?" हो म्हणाले तर तिकीट बदल. थोडे पैसे जातील, जाऊ देत. राहिलेल्या दिवसांची फार हळहळ करू नकोस. व्हिसाच्या स्टिकरवर एन्ट्रीजच्या रकान्यात 'मल्ट' लिहिलेलं असेल आणि मुदत शिल्लक असेल, तर उरलेले दिवस पुन्हा येऊन वापरता येतात. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या त्या सामाईक व्हिसाचा, हिशेब कुठल्याही 180 दिवसांत मिळून 90 असा असतो, आणि त्यात येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस धरतात. एकच एन्ट्री असेल तर पुढच्या वेळी नवा अर्ज. त्यांना जावंसं वाटणं हा तुझ्या प्रगतिपुस्तकातला लाल शेरा नाही. तुझ्या नवऱ्याचं म्हणणं बरोबर आहे, फक्त त्याने ते फार लवकर म्हटलं. तिकीट बदललं तरी हातात दोन-अडीच आठवडे राहतात, आणि मला त्या दिवसांची जास्त काळजी आहे.

तू हमीपत्राबद्दल लिहिलंस. जर्मनीच्या व्हिसासाठी यजमान लिहून देतो की या माणसांचा राहण्याखाण्याचा, वेळ आली तर आजारपणाचा खर्च मी करीन. (त्या कागदाचं नाव फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग. उच्चारता उच्चारता अर्धी रजा संपावी.) म्हणजे सरकारदरबारी तू आईबाबांची पालक झालीस. छान केलंस. पण तो कागद कचेरीच्या कामापुरता होता, तू तो घरीही लागू केलास. "मी दोघांना कशालाही हात लावू देत नाही" हे तू किती अभिमानाने लिहिलंयस! मी मुलीकडे ओहायोला दोन महिने राहिले आहे. तिथे माझेही असेच लाड झाले. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की फ्रिज उघडायच्या आधी मी लेकीकडे बघते. दुसऱ्याच्या घरी बघतो ना आपण, तसं.

आता जिन्याचं बोलू. मला तर तुझ्या पत्रातली सर्वांत झकास बातमी तीच वाटली. तुमचा तो श्वाबेन भाग केअरवोखेसाठी प्रसिद्धच आहे. जिना झाडण्यापुसण्याची पाळी आठवड्याआठवड्याने बिऱ्हाडांत फिरते आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लागते. जन्मभर पहाटे अंगण झाडून सडा घालणाऱ्या बाईला त्या परक्या देशातली एक गोष्ट कोणी न समजावता कळली. पॅरिसचा मनोरा तू दाखवलास, केअरवोखे तिची तिने शोधून काढली! पाळी कोणाची होती हे बघितलं नाही एवढंच. आणि खालची बाई भांडायला नव्हती आली, आभार मानायला आली होती. आईने जर्मनीत स्वतःच्या हिमतीवर केलेली ती पहिली ओळख, आणि तू लाजेने खाली मान घातलीस. आईला ते दिसलं असणार. त्या बाईला वर चहाला बोलाव (दिवस आणि वेळ ठरवून, तिकडे न सांगता कोणी टपकत नाही), आणि चहा आईला करू दे. तुमची पाळी येईल तेव्हा झाडूही तिलाच दे.

बाबा बाल्कनीत का उभे राहतात ते तू लिहिलं नाहीस, पण मी ओळखते. तिकडच्या बहुतेक फ्लॅटच्या दारांना बाहेरून फिरणारी मूठ नसते. दार मागे ओढलं गेलं की किल्लीशिवाय आत येता येत नाही, आणि कुलूपवाला बोलवावा तर तो खिसा कापतो. तेव्हा पहिल्याच दिवशी तू सांगितलं असशील, "एकटे बाहेर पडू नका हं." ज्या माणसाने गावभर सायकल हाणली, त्याला तू चाळीस दिवस कठड्यामागे उभं केलंस. सगळं काळजीपोटी, मान्य. पण तुमची ऑफिसं चालू असतात तेव्हा फलटण जागं असतं आणि हे दोघं घरात बंद. तुम्ही सहाला दमून घरी येता तेव्हा फलटणला साडेनऊ वाजलेले असतात, त्यांची गप्पांची माणसं आडवी झालेली असतात. आणि तुमच्याकडे जूनमध्ये रात्री नऊला लख्ख उजेड, दिवेलागणीला दिवा लावायचा तरी कधी?

खिशात एक चिठ्ठी ठेवून दे. घरचा पत्ता जर्मनमध्ये, तुमचे दोघांचे नंबर, खाली तातडीच्या मदतीचा 112. एकदा बरोबर जाऊन रस्ता दाखव, मग सोड. मारिएनप्लाट्झहून डेगरलोखला चढणारी ती दातेरी चाकांची गाडी 1884 पासून चालू आहे, चुकून भलतीकडे जाण्याची सोयच नाही. गणिताच्या मास्तरांना ती कितीच्या चढाला कशी चढते यातच दोन दिवस पुरतील.

मास्तरांवरून आठवलं, "आजोबांना काहीच येत नाही." हे वाक्य तू मुलाच्या तोंडचं म्हणून सोडून दिलंस, मी नाही सोडणार. जर्मनमध्ये एकवीसला आइन-उन्ट-त्स्वान्त्सिश म्हणतात, म्हणजे एक आणि वीस. आपल्या एकवीसातही एक आधी, वीस मागून. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढं रान उठलं होतं! बाबांचं त्यावर ठाम मत असणार. शिक्षक आहेत, नसेल कसं? नातवाला सांग, आजोबांना शंभरपर्यंत जर्मन अंक शिकव. मोबदल्यात त्यांनी त्याला पावकी-निमकी शिकवायची. तिकडे भागाकाराला नुसती दोन टिंबं, दशांशाला स्वल्पविराम, हे बाबांना दिसलं की ते वहीच ओढून घेतील. तेव्हा तू मध्ये दुभाषी म्हणून बसू नकोस. त्यांचं अडू दे थोडं.

एक कोरडी गोष्ट राहिली. शेंगेन व्हिसाला निदान 30,000 युरोचा विमा लागतो, तो तू काढलास. पण असले विमे जुन्या दुखण्यांना सहसा हात लावत नाहीत. "इथला डॉक्टर परवडायचा नाही" म्हणून आई गुडघा लपवत असेल तर तिला एकटीला गाठून विचार. रात्रीबेरात्री तातडीचं नसलेलं काही झालं तर 116117 वर डॉक्टर मिळतो, हा नंबर त्या चिठ्ठीत 112 च्या खाली लिही.

आणि किल्ली. माझे आजोबा कपाटाची किल्ली जानव्याला बांधायचे, आंघोळीलासुद्धा काढायचे नाहीत. तुमच्याकडे बिल्डिंगच्या किल्लीची नक्कल करायला बऱ्याचदा घरमालकाचं कार्ड किंवा परवानगी लागते, त्यात आठवडा जाईल. तेवढं थांबू नकोस. उद्या सकाळी निघताना तुझीच किल्ली बाबांच्या हातात दे. संध्याकाळी घरी आलीस की बेल वाजव.