उसनी साखर, उधारीचा किराणा आणि अनोळखी बाईंच्या चपला

बदलापूरच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. संध्याकाळच्या लोकलमधून उतरायच्या वेळी त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. लेडीज डब्यातल्या एका बाईंनी पिशवीतून स्लिपर काढून पुढे केल्या, "घाला हो, ऑफिसात घालायच्या आहेत, मी दुसऱ्या घेईन" असं म्हणाल्या आणि गाडी पुढे निघूनही गेली. ताईंनी हा प्रसंग लिहून काढला. त्यात 'उसन्या चपला घालून घरी आले' असं वाक्य होतं. मैत्रिणीने ते खोडलं. तिचं म्हणणं, उसने असतात पैसे, उसनी असते साखर. चपला एकतर उधार म्हण, नाहीतर मागितलेल्या म्हण. ताई विचारतात: उसने आणि उधार यांत खरंच फरक आहे का? आणि वाक्य बरोबर की चूक? जाता जाता एक उपप्रश्नही आहे: साखरेला 'हातउसनी' म्हणता येईल का?

ताई, वाक्य ठेवा. मैत्रिणीच्या शंकेत मात्र तथ्य आहे, म्हणून तिलाही झटकून टाकू नका. 'उधार' तेवढं नको.

उधार हा दुकानाचा शब्द. त्यात माल घरी येतो आणि त्याची किंमत मागे राहते. वाण्याकडून पाच किलो तांदूळ उधार आणले, तर पहिल्या तारखेला आपण त्याला तांदूळ नेऊन देत नाही, पैसे देतो. म्हणून उधारीला वही लागते, खातं लागतं, आणि 'आज रोख उद्या उधार' अशी पाटी लागते. या व्यवहारातला परस्पर संशय मराठीने एका म्हणीत पकडून ठेवला आहे: उधारीचे पोते सव्वा हात रिते. उधारीच्या गिऱ्हाइकाला माप पुरतं मिळत नाही आणि त्याला त्याबद्दल बोलायची सोय नसते.

उसन्यात किंमत येतच नाही. वाटीभर साखर नेली की वाटीभर साखर परत करायची. मधल्या काळात साखर महागली किंवा उतरली तरी दोन्ही घरांना त्याचं सोयरसुतक नसतं. नेलेली साखर चहात विरघळून गेलेली असते, तेव्हा तीच परत येणं शक्य नाही; तिच्या जातीची, तिच्या मापाची दुसरी येते. पीठ, दूध, चहापत्ती, रवा, अंडी या सगळ्यांचा हिशोब असाच. उसन्याचं सगळ्यात जड उदाहरण म्हणजे गॅसचा सिलिंडर. रविवारी सकाळी पाहुणे यायचे असताना शेगडी फुरफुरून विझते, नंबर लावलेला असतो पण गाडी आलेली नसते, आणि समोरच्या घरातला भरलेला सिलिंडर लाद्यांवरून गडगडत आपल्या दारात येतो. चार दिवसांनी आपला आला की तो तसाच गडगडत त्यांच्याकडे जातो. टाकी तीच नसते, पण भरलेलीच असते. याला कुणी 'उधार सिलिंडर' म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

तिसरा प्रकार मैत्रिणीच्या मनात आहे, तो 'मागून आणलेल्या' वस्तूंचा. शिडी, पक्कड, पुरणयंत्र, सोऱ्या, इडलीपात्र, पाहुण्यांसाठी दोन जादा गाद्या. इथे नेलेली वस्तूच परत करायची असते. सोऱ्या नेला आणि त्याच्या बदल्यात दुसरा आणून दिला, तर शेजारीण हसून घेईल खरी, पण "माझी शेवेची जाळी बारीक होती" हे पुढच्या दिवाळीपर्यंत ऐकावं लागेल. बोलताना आपण "जरा सोऱ्या देता का, चकल्या झाल्या की आणून देते" एवढंच म्हणतो. त्याला नेमकं विशेषण लावायची गरज पडत नाही, आणि पडलीच तर 'मागून आणलेला' हे कामाला येतं. मैत्रिणीचा मुद्दा हाच आहे, की चपला संपणारी वस्तू नव्हे, म्हणून त्या उसन्या कशा?

व्याकरणातही दोघांचा स्वभाव वेगळा आहे. उसना शब्द नामाबरोबर बदलतो: उसना रुपया, उसनी साखर, उसनं दूध, उसने पैसे, उसन्या चपला. उधार ढिम्म हलत नाही: उधार तांदूळ, उधार साखर. त्याला वाकवायचं तर 'उधारी' किंवा 'उधारीचा' करावं लागतं. क्रियापदंही वाटून घेतलेली दिसतात. उधारी थकते, चढते, बुडते. उसनं मात्र 'राहतं'. "तुमचं माझ्याकडे उसनं राहिलंय हो, बेसनाचं" हे वाक्य घेणारीच्या तोंडी शोभतं. देणारीने ते आठवण म्हणून म्हणायचं नसतं. म्हटलं तर शेजार बिघडलाच म्हणून समजा. उधारी वसूल करायला दुकानदार दारात येतो. उसनं वसूल करायला कुणी येत नाही. गुजरातीतही 'उछीनुं' आणि 'उधार' असे दोन शब्द आहेत आणि तिथेही उछीनुं घरगुती, विनाव्याजी. ज्या उपनगरी इमारतींत एका जिन्यावर मराठी आणि गुजराती घरं समोरासमोर असतात, तिथे हा व्यवहार भाषांतराशिवाय पार पडतो.

काही गोष्टी मात्र मागितल्या जातात, दिल्या जातात आणि तरी उसन्या नसतात. विरजण घ्या. चमचाभर दही विरजणाला नेलं, तर चमचाभर दही परत करायला कुणी येत नाही. आलंच तर ते वेडगळ वाटेल. कढीपत्त्याची दोन पानं, कोथिंबिरीच्या चार काड्या, लिंबाची फोड, डोकेदुखीची एक गोळी, यांचंही तेच. तिथे 'उसनं' शब्द वापरला तर समोरची दुखावते: "अहो, कढीपत्ता कसला उसना मागता!" म्हणजे उसन्याला खाली एक मर्यादा आहे. ती वाटीच्या आसपास कुठेतरी असावी. वर मर्यादा सिलिंडरपर्यंत जाते, हे पाहिलंच. मिठाचं प्रकरण वेगळं. पुष्कळ घरांत मीठ उसनं देत नाहीत, हातावर तर नाहीच, आणि तिन्हीसांजेनंतर दूध-दहीही बाहेर काढत नाहीत. आजी असलेल्या घरी संध्याकाळी सातला विरजण मागायला गेलात तर "सकाळी ये गं" असं उत्तर मिळेल. तो नकार तिच्या मते शेजारधर्मात बसतो.

परतफेडीचीही एक रीत आहे आणि शब्दाचा खरा मासला तिथे पाहायला मिळतो. नेताना वाटी सपाट असते. परत येताना तिला शीग असते, बोटाने चेपून बसवलेली, कडेवरून दोन दाणे ओघळतील इतकी. काकणभर जास्तच. हे व्याज नव्हे, कारण त्याचा दर ठरलेला नाही आणि 'जास्त कशाला दिलंत' असं म्हणायचीही रीत आहे. नुसती वाटी परत करायची असेल, म्हणजे शेजारणीने काही पाठवलेलं असेल, तर ती रिकामी जात नाही. घरात ताजं काही नसेल तर तळाला चिमूटभर साखर घालून जाते. त्यातून मग वाटीला वाटी लागते आणि काही महिन्यांनी कुठली वाटी कुणाची हे दोन्ही घरांना सांगता येत नाही. नेलपॉलिशचा ठिपका किंवा कोरलेलं नाव हा त्यावरचा जुना उपाय. शेजारणीला 'शेजी' म्हणायचे त्या काळातली एक खोचक म्हणही या वाट्यांच्या भोवतीचीच: शेजीबाईची कढी, धावू धावू वाढी. दुसऱ्याचं वाढताना हात सढळ होतो, हे निरीक्षण आजच्या सोसायटीच्या वार्षिक पूजेच्या पंगतीतही तपासून बघता येईल.

पाठवलेल्या वाटीचा शब्द निराळा, 'वानवळा' किंवा 'वानोळा'. गावाहून आलेल्या आंब्यांतले चार, पहिल्या काढणीच्या शेंगा, हुरडा, घरच्या गुळाचा खडा. 'वानगीदाखल' मधली वानगी आणि हा वानवळा, दोहोंत नमुन्याचा भाव आहे: आमच्याकडे असं आलंय, चाखून बघा. त्याची परतफेड नसते, फार तर त्यांच्याकडचा वानवळा आपल्याकडे येतो. कामाच्या उसनवारीलाही शब्द आहेत. कोकणात सावड, पश्चिम महाराष्ट्रात पैरा: आज आम्ही तुमच्या शेतात, उद्या तुम्ही आमच्या. इर्जिक म्हणजे पुष्कळांनी औतं घेऊन एकाचं शेत उरकून द्यायचं आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. हे शब्द डोंबिवली-विरारकडे येताना वाटेतच गळाले, उसनं तेवढं गाडीत चढलं.

आता एक गंमत. जुन्या मराठीत 'उसनं घेणं', 'उसनं फेडणं' याचा अर्थ सूड उगवणं असाही होता. आज आपण 'उट्टं काढलं', 'वचपा काढला' म्हणतो त्या जागी. शेजारधर्माचा शब्द रणांगणावर कसा गेला याचं आश्चर्य वाटायला नको. जे दिलं त्याच जातीचं, त्याच मापाचं परत करायचं, हा हिशोब साखरेला जसा लागू पडतो तसा तलवारीच्या घावालाही. शीग तिथेही लावत असणार.

मग चपलांचं काय? 'उसना' शब्दाला हळूहळू दुसरा अर्थ चिकटला आहे: आपला स्वतःचा नसलेला, वेळ भागवण्यापुरता अंगावर घेतलेला. उसनं अवसान, उसनी ऐट, उसनं हसू. इथे जातीचं परत करणं वगैरे काही नाही. उसनं अवसान आणून मुलाखतीला गेलेला माणूस ते अवसान नंतर कुणाला फेडत नाही. ते आपलं आपण गळून जातं. या अर्थाने लग्नात घातलेला भावाचा कोट उसना, मैत्रिणीची पैठणी उसनी, आणि लोकलमधल्या बाईंच्या चपलाही उसन्या. मैत्रीण पहिल्या अर्थाचा काटेकोर नियम लावते आहे, तुम्ही दुसऱ्या अर्थाने लिहिलं आहे. दोन्ही अर्थ मराठीत रुजलेले आहेत. 'उधार अवसान' किंवा 'उधार ऐट' मात्र होत नाही, आणि म्हणूनच 'उधार चपला' वाचताना त्या फलाटाबाहेरच्या टपरीवरून खात्यावर आणल्यासारख्या वाटतात.

अजून खोलात जायचं तर त्या बाईंनी चपला उसन्या दिल्याच नव्हत्या. 'मी दुसऱ्या घेईन' याचा अर्थ परत आणू नका असा होतो, आणि आणायच्या म्हटल्या तरी कुठे आणणार? उसन्याला परतीची वाट लागते, म्हणून तो शेजारचा शब्द आहे. जिना, मजला, गल्ली असेल तिथवर तो चालतो. अनोळखी माणसासाठी मराठीने वेगळा नेमका शब्द घडवला नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल बंद पडल्या, आणि रुळांवरून, महामार्गावरून चालत निघालेल्या लोकांना उपनगरांतल्या घरांनी चहा, बिस्किटं, कोरडे कपडे, रात्रीपुरती जागा दिली. तुमच्याच भागात २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली तेव्हा गाडीत हजारावर प्रवासी होते. बचाव पथकांच्या बोटी पोचल्या, आणि आसपासच्या गावांतले लोकही मदतीला धावले. या दोन्ही दिवसांबद्दल बोलताना लोक 'माणुसकी' हा मोठा शब्द वापरतात, नाहीतर 'दिलं', 'घेतलं', 'हात दिला' अशी साधी क्रियापदं. 'उपकार' शक्यतो नाही. उपकार म्हटलं की देणारा संकोचतो आणि "उपकार कसले त्यात" हे ठरलेलं उत्तर येतं. तेव्हा कोरडी अचूकताच हवी असेल तर 'त्यांनी दिलेल्या चपला घालून घरी आले' असं लिहा. पण 'उसन्या'त पायांना थोड्या मोठ्या किंवा थोड्या लहान होणाऱ्या चपलांचं जे अवघडलेपण आहे ते त्यात येणार नाही. मी असतो तर 'उसन्या'च ठेवल्या असत्या.

'उधार'ची सध्या सगळीकडे घुसखोरी होते आहे त्याला हिंदीचा शेजार कारण आहे. हिंदीत पैसे, पुस्तक, पेन, हसू, सगळं उधार घेता येतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "कोणाकडे दोन अंडी आहेत का? उद्या रिटर्न करते" असं येतं, तेव्हा उसनंही गेलं आणि उधारही गेलं. व्यवहार मात्र जुनाच आहे, आणि उद्या दोनच अंडी परत येतात, कारण अंड्यांना शीग लावता येत नाही.

राहिला उपप्रश्न. 'हातउसनं' आजच्या वापरात मुख्यतः पैशांसाठी आहे: ओळखीवर, बिनव्याजी, कागद न करता हातोहात दिलेली रक्कम. हा शब्द घरातून निघून थेट कोर्टात पोचला आहे. धनादेश न वटल्याच्या नोटिसा मराठीत वाचल्या तर 'हातउसनी दिलेली रक्कम' हे शब्द हटकून सापडतात. तेव्हा साखर नुसती उसनीच राहू द्या. तिला हात लावलात तर पाठोपाठ वकीलही येईल.