विचारा बाईंना

प्रश्न : बाई, २०२३ मध्ये इंग्लंडच्या राजाचा राज्याभिषेक आम्ही टीव्हीवर पाहिला. पत्त्यांतल्या गुलामासारखे रंगीत अंगरखे घातलेली माणसं चालत होती. समालोचक ‘अर्ल मार्शल’ असं सारखं म्हणत होता. हा त्यांचा मुख्य भालदार का? नुसता मानकरी, की काही कामही करतो?
– एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : काम करतो, आणि केवढं तरी! अंगरखेवाले ते हेरल्ड. घराण्यांची कुलचिन्हं ठरवणं, वंशावळी सांभाळणं हे त्यांचं रोजचं काम. लंडनचं त्यांचं ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ १४८४ पासूनचं. अर्ल मार्शल स्वतः हेरल्ड नसतो, पण त्या सगळ्यांवर देखरेख त्याची. हा मान १६७२ पासून नॉरफोकच्या ड्यूक घराण्यात वंशपरंपरेने चालत आला आहे.

त्यांतले मला मनापासून आवडतात ते सोळावे ड्यूक, बर्नार्ड. जन्म १९०८ चा. वडील १९१७ मध्ये गेले तेव्हा पोरगा आठ वर्षांचा. तो सज्ञान होईपर्यंत काकांनी कारभार पाहिला. सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक १९३७ च्या मे महिन्यात त्यांनी पार पाडला, तेव्हा वय होतं २८! पुढे १९५३ मध्ये एलिझाबेथ राणीचा. वेस्टमिन्स्टर ॲबीत आठ हजारांवर पाहुणे, कोण कुणाच्या मागे चालणार, कुठे वळणार, सगळं ठरवायचं. रंगीत तालमी किती तरी झाल्या, आणि त्यांत राणीच्या जागी चालायची ती ड्यूकची पत्नी लव्हिनिया.

हे वाचलं तेव्हा मला आपला जांभळी नाका आठवला. पाडव्याच्या स्वागतयात्रेत चित्ररथांचा क्रम लावायला मी बरीच वर्षं तिथे उभी राहिले आहे. लेझीमवाल्या मुली चार पावलं पुढे गेल्या आणि पालखी मागे रेंगाळली, की मधलं अंतर भरून काढता काढता घसा बसतो. मिरवणूक आपोआप चालते असं बघणाऱ्याला वाटतं. बर्नार्डसाहेबांचं मोल मला तिथे उभं राहून कळलं. आणखी एक : ते कॅथलिक, आणि सोहळा इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चचा. तरी त्यात तसूभर कसर ठेवली नाही. चर्चिल यांची १९६५ ची अंत्ययात्राही त्यांनीच आखली. तिची तयारी चर्चिल हयात असताना, बारा वर्षं आधीपासून सुरू होती.

क्रिकेटचं वेड तर असं, की १९६२-६३ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर इंग्लंड संघाचे मॅनेजर म्हणून गेले. ड्यूक आणि संघाचा मॅनेजर! मालिका १-१ बरोबरीत सुटली.

एक गोष्ट मात्र मला खटकते. त्यांना चार मुली, मुलगा नाही. १९७५ मध्ये ते वारले आणि ड्यूकपद, अर्ल मार्शलपद दोन्ही चुलत घराण्यातल्या माइल्स यांच्याकडे गेलं. थोरली ॲन उत्तम घोडे तयार करणारी, कर्तबगार बाई. आजीच्या बाजूचा ‘हेरीज’ हा किताब मुलींनाही मिळू शकत होता, तो तिला पुढे मिळाला. पण राज्याभिषेकाची मिरवणूक लावायचा मान नाही मिळाला. का मिळू नये?

तुम्ही टीव्हीवर पाहिलेले अर्ल मार्शल एडवर्ड हे या माइल्स यांचे चिरंजीव.