गावातल्या युवक भजन मंडळाला वयाची अट असावी का? मी ३२ चा आहे, बाहेर पडू का?

तुम्ही लिहिलंय की मंडळ ३० ची अट आणतंय, तुमचं लग्न अजून व्हायचंय आणि म्हाताऱ्यांच्या भजनात जाऊन बसायला तुमचं मन होत नाही. बाहेर पडू नका. अट असू द्या, पण ती पदाला. सतरंजीला नको.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात ही चूक मीच केली, म्हणून सांगतो.

पूर्वी अटीची गरजच पडत नव्हती. लग्न झालं की पोरगा आपोआप सुटायचा. वावर, बायको, लेकरू यातून रोज संध्याकाळच्या प्रार्थनेला येणं कोणाला जमतं? जागा रिकामी व्हायची, मागचे पोट्टे पुढे सरकायचे. आता कास्तकाराच्या पोराला पोरगी मिळत नाही. पस्तिशीचे अविवाहित पोरं गल्लोगल्ली आहेत. तेच मंडळात राहिले, पेटी त्यांच्याकडे, माइक त्यांच्याकडे, आणि सोळा-सतराचे पोट्टे वर्षानुवर्षं झांजाच वाजवत बसले. ते येईनासे झाले तेव्हा मी २९ ची अट मांडली.

२९ हा आकडा मी सरकारी कागदातून उचलला होता. २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात युवक म्हणजे १५ ते २९. त्याआधीच्या २००३ च्या धोरणात १३ ते ३५ होतं. योजनेसाठी हिशेब लागतो, तो त्यांनी केला. प्रार्थनेचं तसं नसतं. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला आजा आणि नातू एकाच वेळी बसतात, हे लहानपणापासून बघूनही मला ते सुचलं नाही.

अट लागली तेव्हा आमच्यातला एक जण ३१ चा होता. खंजिरी आम्हा सगळ्यांना त्यानंच शिकवली. तिसऱ्या दिवशी देवळाच्या पायरीवर चपला काढताना पाहिलं, तो समोरच्या पारावर बसला होता. आत भजन सुरू झालं तसा त्याचा हात मांडीवर ठेका धरायला लागला. आतल्या पोराचा ठेका चुकला की त्याचा हात थांबायचा, सावरला की पुन्हा सुरू. मी त्याला आत बोलावलं नाही. ते अजूनही मनाला लागतं. त्या वर्षी कार्तिकाच्या काकड्याला खंजिरी वाजलीच नाही म्हणा. थंडीत सैल पडलेलं चामडं शेकोटीवर किती धरायचं, ते त्यालाच माहीत होतं.

आता आमच्याकडे अध्यक्ष, सचिव आणि भजनाचा क्रम ठरवणारा, हे तिघं पंचविशीच्या आतले. बाकी कोणीही यावं, बसावं, गावं, शिकवावं. एवढ्या लहान पोराला काय कळतं, असं कोणी म्हणालं की मी चांदूर बाजार तालुक्यातल्या माधानच्या गुलाबराव महाराजांचं नाव घेतो. जन्म १८८१, देह ठेवला १९१५ मध्ये. डोळ्यांनी दिसत नसताना पस्तिशीच्या आत केवढी ग्रंथरचना करून गेले!

खालच्या वयाबाबत मात्र कडक राहा. अठराच्या आतल्या पोरांना तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीला न्यायचं, रात्रीचा मुक्काम करायचा, तर घरच्यांना विचारूनच, आणि घरचं कोणी सोबत असलं तर उत्तम.

आणि पोरींचा विचार तुमच्या मंडळात कोणी केलाय का? चोवीस वर्षांची सून महिला मंडळात सासूच्या मागे बसते. तिला युवक कोणी म्हणत नाही. वयच मोजायचं असेल तर तिचंही मोजा.

तुमचं मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेलं असेल तर आधी त्याची घटना, म्हणजे नियमावली, मागा. सभासद कोण, हे तिच्यात लिहिलेलं असतं. ते बदलायला रीतसर सभा आणि ठराव लागतो, पारावर चौघांनी ठरवून होत नाही. पण भांडायला जाऊ नका. तुम्हाला पेटी येत असेल, चाली येत असतील, तर त्याच सभेत उठून सांगा की मला पद नको, दोन पोरांना मी तयार करतो.

आमचा तो दोन काकडे गेल्यावर परत आला. मी त्याच्या वावरात गेलो होतो, सोयाबीन सोंगत होता. चुकलो म्हणालो. त्यानं विळा खाली ठेवला, घाम पुसला आणि एवढंच विचारलं, "खंजिरी कोनापाशी हाय आता?"