ॲपवर 412 दिवस झाले, तरी बोलता येत नाही

"ताई, एकच सांगा, मी ढ आहे की ते ॲप फालतू आहे?"

खुर्चीत बसायच्या आधीच तिने हे विचारलं. 27 वर्षांची मुलगी, इंदूरच्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स, जर्मनीला जायचं ठरवलेलं आणि त्यासाठी मोबाइलच्या ॲपवर जर्मन शिकत असलेली. सोबत बाबा आले होते. (तिला विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) घरात मराठी, वॉर्डात हिंदी, नर्सिंगचं शिक्षण इंग्रजीत, म्हणजे तीन भाषा सहज वापरणारी मुलगी, आणि ती मला विचारत होती की मी ढ आहे का.

झालं असं होतं की भरती करणाऱ्या एका एजन्सीने तिला व्हिडिओ कॉलवर घेतलं, जर्मनमधून थोडी ओळख करून द्या म्हणाले. नाव, वय, गाव इथपर्यंत गाडी ठीक गेली. मग समोरच्या बाईंनी विचारलं, काल ड्युटीवर काय काय केलंत? आणि ही गप्प. प्रश्न कळला होता, शब्द पण माहीत होते, पण वाक्य बाहेर येईना. तिच्या फोनवर मात्र 412 दिवसांची स्ट्रीक, एकही दिवस खंड नाही. बाबा म्हणाले, "मी आधीच सांगत होतो, हा मोबाइलवरचा खेळ आहे, भाषा अशी येते का कुठे." ती काहीच बोलली नाही, आणि मला त्या कॉलपेक्षा बापलेकीतल्या त्या शांततेचीच जास्त काळजी वाटली.

हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. कोणाला जपानी हवी असते, कोणाला फ्रेंच, कोणाचा मुलगा तिकडे स्थायिक झालाय आणि आईला सुनेच्या माहेरच्या लोकांशी दोन शब्द बोलायचे असतात. सगळ्यांचं विचारणं एकच, हे सॉफ्टवेअर घेऊ का, याने येईल का, आणि नाही आलं तर दोष कोणाचा.

मी तिला फोन पालथा ठेवायला सांगितला आणि माझ्या फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं. म्हटलं, काल रात्री घरी काय स्वयंपाक केलास ते जर्मनमध्ये सांग, चुकलीस तरी चालेल, मी परीक्षक नाही. मला स्वतःला जर्मन थोडीशीच येते, वीसेक वर्षांपूर्वी क्लासला जाऊन ए2 पर्यंत शिकले होते (ए1, ए2, बी1, बी2 अशा खालून वर चढत जाणाऱ्या पातळ्या असतात). तिने सुरुवात केली, मी भात केला, मी भाजी केली, मग कुकरपाशी आली आणि थांबली. कुकरला काय म्हणतात आठवेना. 47 सेकंद झाली होती. तिचे डोळे भरून आले. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि थोडा वेळ आम्ही दोघी नुसत्याच बसलो.

मग मी म्हटलं, आता तुझं ॲप उघड, माझ्यासमोर एक धडा कर. तिने केला, सगळंच्या सगळं बरोबर, चार मिनिटांत. मी स्क्रीनकडे न बघता तिच्या बोटाकडे बघत होते. बोट काय करत होतं? चार पर्यायांतला एक निवडत होतं, खाली मांडून दिलेले शब्द उचलून ओळीत लावत होतं, चित्राशी शब्द जुळवत होतं. एखाद-दुसरं वाक्य मोठ्याने बोलायचं होतं, पण ते समोर लिहिलेलं होतं, शिवाय आपण कोणतं वाक्य म्हणणार हे मशीनला आधीच माहीत असतं, म्हणून जवळपास काहीही म्हटलं तरी ते हिरवं होतं. पूर्ण धड्यात एकदाही तिला रिकाम्या जागेतून, स्वतःच्या डोक्यातून, एक वाक्य काढावं लागलं नाही.

लग्नात कोणीतरी समोर येतं, चेहरा एकदम ओळखीचा असतो, पण नाव काही केल्या आठवत नाही, असं होतं ना? चेहरा ओळखणं हे एक काम आणि नाव आठवणं हे दुसरं, आणि पहिलं कितीही केलं तरी दुसऱ्याची सवय आपोआप होत नाही. तिने 412 दिवस चेहरे ओळखले होते. नावं आठवायची वेळ तिच्यावर पहिल्यांदा आली ती थेट त्या कॉलमध्ये.

मग कागद घेतला आणि दोघांसमोर हिशोब मांडला. रोज सरासरी 10 मिनिटं, 412 दिवस, म्हणजे 4,120 मिनिटं, म्हणजे 69 तासांच्या आतच. गोएथे इन्स्टिट्यूट, आपल्याकडे ज्याला मॅक्सम्युलर भवन म्हणतात, ते बी1 पातळीला यायला 45 मिनिटांचे साधारण 350 ते 650 तास धरतात. 350 धरले तरी घड्याळाचे 262 तास होतात. नुसत्या ए1 साठी 80 ते 200 धरतात, म्हणजे 60 तासांपासून पुढे. आणि नर्स म्हणून तिकडे मान्यता मिळवायची तर साधारण बी2 लागतं. हे आकडे बघून बाबा म्हणाले, "मतलब हिचा अभ्यासच अजून पहिलीतला आहे." मी म्हटलं, बरोबर, आणि पहिलीतल्या मुलीला आपण ढ म्हणत नाही. 412 हा आकडा वर्षभरापेक्षा मोठा दिसतो म्हणून फसायला होतं, पण दिवस मोजून भाषा मोजता येत नाही, तास मोजावे लागतात, आणि त्या तासात डोक्याने काय केलं तेही बघावं लागतं.

पण ॲप फालतू आहे असंही मी म्हणू दिलं नाही, कारण ते खरं नव्हतं. आम्ही ए2 चा नमुना पेपर उतरवून घेतला, तो गोएथे इन्स्टिट्यूटच्या साइटवर फुकट मिळतो. वाचायचा भाग तिला चांगला गेला, ऐकायचा काठावर, लिहायचा अर्धवट, बोलायचा जवळजवळ नाहीच. म्हणजे ॲपने काम केलं होतं, फक्त एका कोपऱ्यात. शब्द डोक्यात राहायला ते उत्तमच आहे आणि त्यामागे जुनी समज आहे. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं आधी भराभर विसरलं जातं, मग विसरायचा वेग कमी होतो, आणि उजळणी अंतराअंतराने केली तर टिकतं. पुढे 1970 च्या दशकात सेबास्टियन लाइटनरने कागदी कार्डांच्या खोक्याची पद्धत लोकांपर्यंत नेली, आलेलं कार्ड मागच्या कप्प्यात टाकायचं, न आलेलं पुन्हा पहिल्या कप्प्यात. 2006 पासून मिळणारं अँकी किंवा तसली इतर सॉफ्टवेअर मुळात हेच करतात, खोकं तेवढं कॉम्प्युटर सांभाळतो. यात वाईट काही नाही. माझ्याकडे जपानीच्या एन4 परीक्षेसाठी आलेला एक मुलगा होता, त्याला मी कार्डांचं सॉफ्टवेअरच जोरात चालू ठेवायला सांगितलं होतं, कारण त्या जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेत बोलायचा आणि लिहायचा भागच नसतो, वाचन, शब्द, व्याकरण आणि ऐकणं एवढंच. त्याला कांजी, म्हणजे जपानीतली चित्रासारखी अक्षरं, ओळखायचीच होती. तेच सॉफ्टवेअर त्याला पुरेसं होतं आणि हिला अपुरं, कारण हिला वॉर्डात उभं राहून म्हाताऱ्या पेशंटला विचारायचंय की दुखतंय कुठे.

आणखी एक गोष्ट मला फार बोचते. ही मुलगी जर्मन शिकत होती इंग्रजीतून. ॲप सांगणार, द टेबल म्हणजे देअर टिश, आणि देअर, दी, दास ही नसती भानगड म्हणून पाठ करा. अगं पण आपल्याकडे तो, ती, ते आहेच की! इंग्रजीत टेबलाला लिंगच नाही, हिंदीत दोनच लिंगं, तीन घेऊन आपण जन्मापासून वावरतो. शब्दाशब्दाचं लिंग जुळत नाही हे खरं, टेबल आपल्याकडे ते आणि त्यांच्याकडे तो, पण वस्तूंना तीन लिंगं असतात ही सवय आपल्याला शिकवावी लागत नाही. मेटशेन म्हणजे मुलगी, आणि तो शब्द नपुंसकलिंगी, इंग्रजीतून शिकणारा चक्रावतो, आपण मात्र ते पोर, ते लेकरू रोज म्हणतो. तसंच झी आणि दू म्हणजे तुम्ही आणि तू. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाइल म्हणजे कारण, त्याच्यापुढच्या वाक्यात त्यांचं क्रियापद शेवटी जातं. वाइल इश इन इंदोर वोने, कारण मी इंदूरमध्ये राहते. शब्दाला शब्द लावून बघा, क्रम आपलाच आहे. हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा हसली. तीच गोष्ट ती वर्षभर इंग्रजीच्या वळशाने पाठ करत होती आणि आपल्याला जमत नाही म्हणत होती. म्हणून आता मी सगळ्यांना विचारते, तुमचं सॉफ्टवेअर कोणत्या भाषेतून शिकवतं, आणि तुमची स्वतःची भाषा त्यात कुठे वाया जातेय का.

मग ठरवलं काय? ॲप ठेवायचं, पण फुकटचंच, आणि रोज 10 मिनिटं शब्दांपुरतं. ऑनलाइन एक शिक्षिका शोधायची, आठवड्याला दोन तास, त्यात इंग्रजी कमीत कमी. आणि रात्री ड्युटीवरून आल्यावर, जेव्हा बोलायला कोणीच नसतं, तेव्हा आवाजात बोलणाऱ्या एआयशी वीस मिनिटं, पेशंट आणि नर्स असा खेळ करून. यावर बाबांनी विचारलं की मग शिक्षिका कशाला, मशीन फुकटात बोलतंय ना. खरंय, मशीन बोलतं आणि थकत नाही, लाज वाटणाऱ्या माणसाला हा मोठाच आधार आहे. पण ते तुम्ही वाक्य पुरं करेपर्यंत शांतपणे थांबतं, मध्येच तोडत नाही, कण्हत बोलत नाही, आणि कधी कधी व्याकरणाचं चुकीचं कारणही एकदम ठामपणे सांगतं. दुखणारा माणूस तसा थांबत नाही. म्हणून तालीम मशीनबरोबर, प्रयोग माणसाबरोबर. वर्षाची महागडी सब्सक्रिप्शन घ्यायला बाबा निघाले होते ते मी थांबवलं, म्हटलं त्या पैशात शिक्षिकेचे तास येतील. एखादं सॉफ्टवेअर घ्यायचंच असेल तर आधी महिन्याचं घ्या, त्या महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी सॉफ्टवेअर बंद ठेवून एकाच विषयावर बोला, आणि दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी शेजारी ऐका.

हीच तिची मोजपट्टी ठरली. ते 47 सेकंदांचं रेकॉर्डिंग तिला पुसून टाकायचं होतं, मी नको म्हटलं. दर चार आठवड्यांनी तोच प्रश्न, काल रात्री काय स्वयंपाक केला, फोनवर दुसरं काही उघडायचं नाही.

स्ट्रीकबद्दल मात्र वेगळं बोलावं लागलं. दुसऱ्या भेटीत तिने हळूच सांगितलं की नाइट ड्युटी असली की ती बारा वाजायच्या आत बाथरूममध्ये जाऊन सगळ्यात सोपा, आधी दहादा केलेला धडा उरकते, स्ट्रीक तुटू नये म्हणून. हे ऐकून मला वाईट वाटलं. आयसीयूत बारा तास उभी असलेली पोर, मिळालेली चार मिनिटं पण आकड्याला देत होती, ना विश्रांती ना अभ्यास. आम्ही ठरवलं की नाइट ड्युटीच्या दिवशी अभ्यास नाही. तिला ते फार जड गेलं, ती म्हणाली की ताई, तेवढी एकच गोष्ट मी रोज न चुकता केलीय. मला तेव्हा कळलं की ती स्ट्रीक भाषेसाठी नव्हतीच, घरच्यांना दाखवायचा पुरावा होता, की मी मनापासून करतेय. बाबा तिथेच होते. ते म्हणाले, "मला पुरावा नको, तू झोप." त्या दिवशी यापेक्षा जास्त काम झालं नाही आणि व्हायची गरजही नव्हती.

पहिल्या चार आठवड्यांनी 58 सेकंद. ती हिरमुसली, मी म्हटलं ऐक, थांबणं कमी झालंय. तिसऱ्यांदा सव्वा मिनिट, त्यात भूतकाळाची क्रियापदं चुकीची पण न घाबरता टाकलेली. मध्ये एकदा शिक्षिकेने तिला दुसऱ्या विद्यार्थ्याबरोबर बसवून सहलीचं नियोजन करायला लावलं, बी1 च्या तोंडी परीक्षेत असं दोघांना मिळून काहीतरी ठरवावं लागतं, तर हिने इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधब्याची सहल ठरवली, पावसाळ्यात, आणि डब्यात काय न्यायचं यावर त्या मुलाशी चक्क वाद घातला.

पाचव्या महिन्यात तिने मला रेकॉर्डिंग पाठवलं, 2 मिनिटं 10 सेकंद. वरण, भात, मग पुन्हा कुकर आला. शब्द याही वेळी आठवला नाही, श्वास घेतल्याचं ऐकू येतं, आणि मग ती म्हणते, देअर टोप्फ, देअर लाउट श्राइट, वेन देअर राइस फेर्टिश इस्ट. ते भांडं, जे भात झाला की जोरात ओरडतं. आणि न थांबता पुढे भाजीकडे वळते.